महाराजांनी निंबखेड्यास राख चाखिली त्याची हकीकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न. शके एकोणीसशे बत्तीस, विकृतिनाम संवत्सरी, नदीकाठच्या एका राज्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे. श्रोते हो, नाकास पदर लावून ऐकावे.

राज्यात निंबखेडे म्हणोन गाव. तेथे महाराजांनी सिमेंटची भट्टी घातली आणि शेजारी कोळसा जाळून वीज करावयाचा कारखाना उभा केला, आणि दोहोंच्या चिमण्या अखंड धूर ओकू लागल्या, आणि राख पाण्याच्या घागरीत, तान्ह्यांच्या पाळण्यात, शिजल्या भातावर पडो लागली. गावी भागूजी गुरव देवळात सनई वाजवीत असे. तो खोकून खोकून ऐसा खंगला की फुंक पुरेना. मग नव्या चिमणीच्या उद्घाटनास महाराज स्वारीनिशी आले आणि भागूजीस वाजविण्याचा हुकूम जाहला. त्याने सनई ओठी लाविली, तो सूर निघेना, खोकलाच निघाला. प्रधान बोलिले, "महाराज, हा माजला आहे." राजवैद्य बोलिले, "विडीचा प्रताप." तेव्हा भागूजीची बायको तान्हुबाई पुढे होऊन बोलली, "ह्यांनी उभ्या जन्मात विडी हातात धरली न्हाई. धूर तुमचा, अन् नाव विडीचं? म्हाराज, आमच्या गावात मुक्काम करा, मंग कळंल."

महाराजांस दयाळू दिसण्याची हौस फार. मुक्काम मान्य केला. प्रधान अति चतुर. त्यांनी तत्क्षणी भट्टी आणि कारखाना बंद करविला, आणि आकाश निवळले, आणि महाराजांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "केवढी निर्मळ हवा! रयत लबाड आहे." हवा मानवली म्हणोन मुक्काम लांबविला. इतक्यात भागूजीचा खोकला उणावला आणि त्याने अडखळत का होईना, भूपाळी वाजविली, आणि तान्हुबाई चुलीपुढे बसून रडली. मग महाराज निघाले, तो सारा गाव पालखीस आडवा जाहला. "मायबाप, तुमी हाये तवर धूर न्हाई. जाऊ नका!" आणि पालखी ऐसी वेढिली की स्वारी हालेना.

तिकडे विजेवाचून राजवाड्यातील पंखे थांबले, आणि राणीसाहेब घामाघूम होऊन जासुदामागून जासूद धाडू लागल्या. मग महाराज घाबरून ओरडले, "पेटवा!" चिमण्या पेटल्या, आणि महाराजांच्या खिरीवर राख बसली, आणि पहिल्याच घासास ऐसी उबळ आली की मुगुट कलंडला. तान्हुबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि राजवैद्यांस विचारले, "का हो वैद्यबुवा, म्हाराज कंची विडी वढतात?" वैद्य महाराजांचा मुगुट सावरू लागले.

रयतेस वाटले, आता न्याय होईल. महाराज डोळे पुसून बोलिले, "यावर उपाय केलाच पाहिजे," आणि पालखीस काचेची तावदाने बसवून निघोन गेले. प्रधानास 'निर्मलवायुकर्ते' किताब जाहला. मग तान्हुबाईने बिऱ्हाड गाडीत घातले आणि नवऱ्यास घेऊन नदीच्या वरल्या अंगास माहेरी गेली, आणि तिच्यामागे एकेक घर उठले.

एवंच, राज्याची भरभराट जाहली. निंबखेड्यास गाऱ्हाणे सांगावयास आता कोणी उरले नाही, सबब गाऱ्हाणे नाही, ऐसे दरबारी नमूद जाहले.