मर्विनचं अर्धवट गाणं

मर्विन गेल्यावर थोड्याच दिवसांत ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या नगरपालिकेची मोठी अडगळ उचलणारी गाडी येणार होती, म्हणून ग्लेनिसने नवऱ्याची अख्खी शेड घरासमोरच्या गवतावर रिकामी केली. रडत केली, पण केली. त्या वस्तू तिला बघवत नव्हत्या. तिथल्या रीतीप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी गाड्या थांबवून हवं ते उचललं आणि उरलेलं नगरपालिकेने नेलं.

मग त्यांच्या फंडाचे हिशेब बघणारी थाओ आली.

"ग्लेनिस, ऑडिट आलंय. तुमच्या निवृत्तीच्या फंडातलं बिटकॉइन ज्या छोट्या यंत्रात आहे, ते दाखवा."

"ते मर्विन बघायचा."

"पण फंड तुम्ही दोघं मिळून चालवत होता ना? यंत्र घरातच असेल."

"घरात? छे! फंडाची चीज वेगळी, घरची वेगळी, हा नियम ना? माझ्या कपाटात ठेवू म्हटलं तर माझ्यावरच ओरडला. बिस्किटांचा डबा घेतला, वर 'फंडाची मालमत्ता' लिहिलं आणि..." ग्लेनिसचा चेहरा पडला. "शेडमध्ये ठेवला."

"अहो, वेगळं म्हणजे फंडाच्या नावावर! डब्यात नव्हे!"

आता डबा कुणाच्या घरी होता, देव जाणे. बिटकॉइन गेलं तर घर विकून दूर पर्थला लेकीकडे राहायला जावं लागणार होतं, आणि या घराबाहेर ग्लेनिसला मर्विन कुठेच भेटणार नव्हता.

"गुप्त शब्द तरी असतील," थाओ म्हणाली. "ते ओळीने दिले की नव्या यंत्रात सगळं परत येतं. कुठे लिहिलेत?"

"लिहिणार कशावर? कागद घरचे! त्यानं त्यांचं गाणं केलं होतं. मी कपडे वाळत घालताना मला चिमटे देत रोज म्हणायचा."

"गुप्त शब्द? अंगणात? मोठ्यानं?"

"शेजारचा कुत्रा साथ द्यायचा."

थाओने कपाळाला हात लावला. ग्लेनिस डोळे मिटून गाऊ लागली. गाढव, छत्री, कांदा, मामा, शिडी... गाणं शेवटाला आलं आणि ती थांबली.

"एकच राहिला," शब्द मोजणारी थाओ म्हणाली. "म्हणा ना."

"तिथे मी रोज म्हणायचे, 'पुरे रे बाबा, चिमटे दे इकडे.' मग तो हसून गप्प बसायचा." ग्लेनिसला हुंदका आवरेना. "एकदा तरी पुरं करू द्यायचं होतं गं मी त्याला."

थाओने तिला चहा करून दिला. एकच शब्द अडला असेल तर कॉम्प्युटर एकेक घालून बघतो, हे तिने समजावलं आणि ती कॉम्प्युटर उघडून बसली. दुपार सरता सरता तिने मान वर केली.

"सापडला."

"काय होता?" ग्लेनिसने मनात जपलेल्या आशेने विचारलं. काहीतरी गोड असेल, तिच्यासाठी असेल, असं तिला उगीच वाटत होतं.

"टोमॅटो."

"टोमॅटो? इतकी वर्षं मी त्याला टोमॅटोवरून गप्प केलं?" ती हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा रडली.

"ते गाणं अख्ख्या गल्लीला पाठ असणार," थाओ म्हणाली. "आपण आत्ताच सगळं नव्या शब्दांवर हलवू. जुने शब्द मग बिनकामाचे."

"म्हणजे गाणं फंडाचं राहणार नाही?"

"नाही."

"मग कुणाचं?"

"घरचं. नियमानं आता घरचंच."

संध्याकाळी ग्लेनिस ते गाणं म्हणत कपडे वाळत घालू लागली. गाणं शेवटाला आलं तेव्हा तिने सवयीने चिमट्यांसाठी हात पुढे केला. तो रिकामाच राहिला.

"टोमॅटो," ती हळूच म्हणाली, आणि चिमटे आणायला आत गेली.