दोन टायर आणि एक डबा पॉलिश

आमच्या घरात मोटरसायकल बायको चालवते आणि मी मागे बसतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी टायरबद्दल ज्या अधिकारवाणीने बोलणार आहे, त्यावरून कुणाचाही गैरसमज होईल.

बायको नर्स आहे. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, इंजेक्शनं देते. ऊन असो, पाऊस असो, हिची गाडी वेळेवर पेशंटच्या दारात हजर. आणि चालवते कशी म्हणून सांगू! गर्दीतून अशी निघते की रस्त्यानेच हिला वाट करून दिली असावी. मी मागे औषधांची पिशवी सांभाळत तिच्या पाठीकडे कौतुकाने बघत असतो. (तिथून दुसरं काही दिसतही नाही.)

मागे एकदा ओल्या वळणावर मागचं चाक सरकलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी सरळ धावत होती आणि ती विचारत होती, की संध्याकाळी भाजी कुठली करायची. घरी आल्यावर तिने टायरवरून अंगठा फिरवला. झिजलेत म्हणाली, बदलायला हवेत, पण सध्या सवड नाही.

"टायरचं माझ्यावर सोड," मी म्हणालो.

"सूनबाई, विचार कर," आई आतून म्हणाली.

सूनबाईने विचार केला आणि तरीही सोडलं. त्या विश्वासाने मी भारावून गेलो. तिच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचंच, असा पण केला. विमा कंपनीतली माझी फाइल बाजूला सरली आणि टेबलावर टायरची माहितीपत्रकं आली. मऊ रबर ओल्या रस्त्याला घट्ट धरतं, पण कोरड्यात लवकर झिजतं. कडक रबर खूप टिकतं, पण पाण्यात दगा देतं. टायरवरच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. हे सगळं मी रात्री जेवताना बायकोला समजावून सांगितलं. तिला ते आधीपासून माहीत होतं. तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, यातच तिचा मोठेपणा आला.

मग मला एक युक्ती सुचली. पुढे पावसाचा टायर, मागे उन्हाचा. दोन्ही ऋतू एकाच गाडीवर. टायरवाल्याने चष्मा काढून मला नीट पाहिलं आणि विचारलं, की साहेब, तुम्ही एका पायात गमबूट आणि दुसऱ्या पायात चप्पल घालता का? मी एवढ्या वेळा दुकानात गेलो, की पुढे पुढे तो मला लांबून पाहूनच शटर ओढायला लागला. अखेर मी निवडले ते टायर मधोमध कडक, कडांना मऊ आणि बेताच्या खाचांचे होते. सरळ चालताना टिकतील, वळणावर धरतील. टायरवालासुद्धा म्हणाला, की निवड उत्तम आहे. (मी जावं म्हणून म्हणाला असेल, पण म्हणाला.)

शनिवारी रात्री उशिरा टायरवाल्याने टायर बसवून दिले, आणि रविवारी सकाळी बायको उठायच्या आत गाडी व्हरांड्यात दिमाखात उभी होती. दिमाखात म्हणजे, असायला हवी होती. टायर नवे खरे, पण त्यांचं तोंड उतरलेलं दिसत होतं. एवढी भारी वस्तू, आणि तिला काही तेज नको? कपाटात फर्निचरच्या पॉलिशचा डबा होता. जुन्या बनियनने आधी टायरच्या बाजू घासल्या. मग वाटलं, काम करावं तर नीट करावं. रस्त्याला टेकतो तो भागही घासला. खाचांत बनियन शिरेना, तेव्हा माझा टूथब्रश आणला. शेवटी टायरमध्ये माझा चेहरा दिसायला लागला. आज तोसुद्धा बरा वाटला.

तेवढ्यात फोन आला. पलीकडच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या पायाची जखम पुन्हा वाहत होती, आणि ते हिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. बाहेर पाऊस लागला होता. ती हेल्मेट घेऊन आली. मी पडदा उघडावा तसा बाजूला झालो. तिने टायर पाहिले. माप बरोबर, रबर बरोबर, चाक कुठल्या बाजूला फिरवायचं ते दाखवणाऱ्या बाणाची दिशासुद्धा बरोबर, असं म्हणाली. 'छान' अगदी ओठांवर आलं होतं. आणि सवयीने तिने अंगठा फिरवला.

अंगठा घसरत पार मडगार्डपर्यंत गेला. तिने तो हुंगला.

"हे काय लावलंय?"

"पॉलिश."

"कुठं कुठं?"

"कुठंच सोडलं नाही," मी म्हणालो. तेव्हाही माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला हलकं वाटलं असतं. तिने मास्तरांच्या घरी फोन करून जखम कशी दाबून धरायची ते सांगितलं, बादली, साबण आणि ब्रश मागवला, आणि गाडी अंगणात घेतली. मी गुडघ्यांवर बसून घासत होतो. आई छत्री धरून उभी होती, अर्थातच सुनेवर. मी म्हणालो, नको जाऊ, टॅक्सी बघतो. तिने पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला, अंगणात हळू फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबून पाहिले, मग मान हलवली आणि बेताने निघाली.

ती गेल्यावर मात्र माझा जीव टांगणीला लागला. मी दारातून हलेना. आईने विचारलं, तुझा तिच्यावर भरवसा नाही का. तिच्यावर आहे, मी म्हणालो, माझ्यावर नाही.

जेवायच्या वेळेला गाडी अंगणात शिरली. मास्तरांचं रक्त थांबलं होतं. हेल्मेट काढत ती म्हणाली, की त्याच वळणावरून आले, चाक जराही हललं नाही.

"छान निवडलेत हो टायर," ती म्हणाली.

माझे कान तृप्त झाले. तिचं हेल्मेट घ्यायला मी धावलो. सकाळी ज्या फरशीवर बसून पॉलिश लावलं होतं, तिच्यावरूनच धावलो. वर छप्पर, खाली कोरडी ठणठणीत फरशी, आणि मी दोन्ही पाय आभाळाकडे करून आडवा.

ती धावत आली, कुठं लागलं ते पाहिलं, काही मोडलं नाही याची खात्री केली. मग माझ्या चपलेच्या तळावरून अंगठा फिरवला.

"झिजल्यात," ती म्हणाली. "बदलायला हव्यात."

"चपलांचं त्याच्यावर सोडू नकोस," आई आतून म्हणाली.