पुढच्या मोसमात काकड्याच!

"लिहून ठेवा, पुढच्या मोसमात आपणच!" असं मी मार्चमध्ये बेटीच्या हॉटेलात उभं राहून जाहीर केलं, तेव्हा कुणी ताटातून मानसुद्धा वर केली नाही. कारण हे मी दर मार्चमध्ये जाहीर करतो. मोसम संपला की बाकीचं गाव आठवडाभर सुतक पाळतं. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गुळगुळीत दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि पुढच्या वर्षीच्या विजयाची बातमी द्यायला बाहेर पडतो.

आमचा संघ म्हणजे पेरी फोर्क हायस्कूलचा बास्केटबॉल संघ. गावात काकड्यांचं लोणचं घालायचा कारखाना आहे, म्हणून संघाचं नाव 'काकड्या'. हसू नका! शेजारच्या मार्लो गावच्या संघाचं नाव आहे 'हातोडे', आणि हातोडे काकड्यांचं काय करतात ते आम्ही दरवर्षी पैसे देऊन, तिकीट काढून बघतो. गेल्या मोसमात आम्ही एकच मॅच जिंकलो. समोरच्या संघाची बस बर्फात अडकली होती.

"मर्ल, तू हे गेल्या वर्षीही म्हणाला होतास," वेंडेल स्ट्रूप म्हणाला. वेंडेल माझा शेजारी. जन्माने मार्लोचा, लग्नाने आमच्या गावचा जावई. इतकी वर्षं आमच्या विहिरीचं पाणी पिऊन माणूस अजून हातोडाच!

"गेल्या वर्षी माझ्याकडे आशा होती, वेंडेल. या वर्षी खबर आहे."

आता मात्र सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी मुद्दाम सावकाश कॉफी प्यायलो.

"ब्रंबॉच्या रिकाम्या घरात भाडेकरू आलेत. व्हँडरकोल्क म्हणून कुटुंब आहे, मिशिगनचं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यांचा थोरला पोरगा दारातून आत जाताना वाकला."

बेटी काउंटरमागून बाहेर आली.

"किती वाकला?" बेटीने विचारलं.

"चर्चमध्ये वाकतात त्याहून जास्त!"

बेटीने माझा कप पुन्हा काठोकाठ भरला. आमच्या इंडियानात लोक नव्या माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी डोळ्यांनी उंची मोजतात. आणि उंच पोराला 'बास्केटबॉल खेळतोस का' असं तर कुणीच विचारत नाही. माशाला कुणी 'पोहतोस का' म्हणून विचारतं का?

"पण उंच म्हणजे मार्लोला हरवाल असं नाही," वेंडेल कुजकटपणे म्हणाला.

"पहिल्याच मॅचला हरवू!"

"पैज?"

"पैज!"

"मग खुर्ची लाव."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. खुर्ची म्हणजे शाळेच्या बास्केटबॉल हॉलमधली माझी खुर्ची. खेळाडूंच्या बाकामागे, दुसरी रांग, अगदी मधोमध. आजोबांकडून वडिलांकडे आली, वडिलांकडून माझ्याकडे. अशा खुर्च्या आमच्याकडे विकत मिळत नाहीत, कुणीतरी मरावं लागतं. गावात एक घटस्फोट झाला तेव्हा नवऱ्याने घर, ट्रक आणि कुत्रा बायकोला देऊन टाकला आणि खुर्ची स्वतःकडे ठेवली. आपल्याला फसवलं असं ती बाई अजून सांगते.

पण सगळं हॉटेल बघत होतं हो! "लावली!" मी ओरडलो. "आणि तू हरलास तर मोसमभर काकडी व्हायचं!"

काकडी म्हणजे आमच्या संघाचा शुभंकर. डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचा हिरवा फोमचा पोशाख, त्यावर फोड, आत घामाचा पिढीजात वास. मॅचच्या वेळी तो घालून नाचायचं असतं. वेंडेलने नाक मुरडलं आणि हात मिळवला.

घरी आल्यावर डोरीनला सांगितलं. डोरीन माझी बायको. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून.

"म्हणजे तू हरलास तर माझ्या शेजारी वेंडेल बसणार?"

"हरणारच नाही ना!"

"नाही, तसं झालं तर बरंच, म्हणून विचारलं. वेंडेल माझे पॉपकॉर्न खात नाही."

खरी अडचण वेगळीच होती. ब्रंबॉचं घर ओढ्याच्या अलीकडे, म्हणून पोरगा आमच्या शाळेचा. पण घर भाड्याचं, तेही उन्हाळ्यापुरतं! आणि पोराची आई बेथ व्हँडरकोल्क ओढ्यापलीकडे एक पिवळं घर बघून आली होती. ओढ्यापलीकडे म्हणजे मार्लोची शाळा. म्हणजे आमचा पोरगा हातोडा होणार!

मी गावात फिरलो आणि दारोदार धोक्याची घंटा वाजवली. मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून व्हँडरकोल्कांच्या ओसरीवर रांग लागली. चीज-नूडल्सचं भाजलेलं भांडं, बटाट्याचं सॅलड, पीचचा केक, मक्याचा केक, पुन्हा पीचचा केक. कुणी त्यांचं गवत कापलं, कुणी छप्पर दुरुस्त केलं. पाद्रीबुवांनी तर रविवारच्या प्रवचनात ओढा ओलांडणाऱ्यांच्या आत्म्याबद्दल काळजी व्यक्त केली. मी स्वतः ब्रंबॉच्या मागे लागून ते घर त्यांना विकायला लावलं.

बाप गेरिट हा देवमाणूस. घराची किल्ली हातात घेताना त्याचे डोळे भरून आले. "मर्ल, आम्ही इतक्या गावांत राहिलो, पण असा जिव्हाळा कुठे बघितला नाही. तुम्हाला आमच्याकडून काहीच नको!"

"छे छे, काहीच नको," मी म्हणालो, आणि त्याच्या पोराच्या बुटांकडे बघत राहिलो. त्या बुटात मांजर व्यायली असती तरी पिल्लांना जागा उरली असती.

पोराचं नाव हेंड्रिक. अतिशय गुणी मुलगा. मी चेंडू काखेत मारून गेलो तेव्हा तो मागच्या अंगणात सशांना कोबी घालत होता.

"घे!" म्हणून मी चेंडू टाकला.

हेंड्रिकने डोळे मिटले, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली बसला. चेंडू त्याच्यावरून जाऊन कोबीत पडला.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही, मिस्टर ओव्हरमायर. पण लागला असता."

मी कोबीतून चेंडू उचलला. "पोरा, तू बास्केटबॉल खेळत नाहीस?"

"नाही. मला चेंडूची भीती वाटते. लहानपणी नाकावर बसला होता."

"अरे, मग गावाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे केक द्यायचे आणि म्हणायचे, 'हॉलमध्ये भेटू.' मला वाटलं, या गावात ते सक्तीचं असतं." मग तो खाली मान घालून म्हणाला, "आणि एवढे केक खाल्ल्यावर नाही कसं म्हणणार, मिस्टर ओव्हरमायर?"

सांगा, अशा पोरावर रागावणार कसं? मी त्याला माझ्या गोठ्यात शिकवायला घेतलं. उन्हाळाभर रोज दुपारी! दारं आतून बंद, खिडक्यांना पोती लावलेली, कारण आतला प्रकार गावाने बघितला असता तर मला ओढ्यात टाकलं असतं. मी चेंडू द्यायचा, हेंड्रिकने डोळे मिटून तो भिरकावायचा, आणि चेंडू जाऊन पत्र्याच्या भिंतीवर आपटायचा. धडाम! परत द्यायचा. धडाम! मध्येच हेंड्रिकचं डोकं वरच्या तुळईवर आपटायचं, तो आवाज जरा वेगळा यायचा. जाळीत चेंडू जायचं सोडा, जाळीला वाराही लागला नाही.

आणि कुंपणाच्या पलीकडे टोमॅटोच्या झाडांत वेंडेल बसलेला! कान लावून! मला हे पुढे त्याच्या बायकोकडून कळलं. दारं बंद, खिडक्या बंद, आत एक राक्षसी पोरगा आणि दुपारभर धडाम धडाम. वेंडेलने एकच अर्थ काढला, की पोरगा उडी मारमारून चेंडू वरून जाळीत कोंबतोय, आणि इतक्या जोराने कोंबतोय की गोठा हलतोय! तो थेट मार्लोला गेला आणि त्यांच्या कोचला सांगून आला, "थांबतच नाही हो तो! शंभरातला एक चुकत नाही!"

शेवटी नोव्हेंबर उजाडला. पहिली मॅच, आमच्याच हॉलमध्ये. गावातली माणसं मोजली आणि वर डुकरंही बसवली तरी एरवी तो हॉल भरायचा नाही, पण त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. मी खुर्चीत बसलो आणि तिचे हात घट्ट धरले. वडिलांनी घासून घासून त्या लाकडाला चकाकी आणली होती. डोळ्यांसमोर वेंडेल त्यात पसरून बसलेला दिसायला लागला. डोरीनने पॉपकॉर्न पुढे केले तर मी नको म्हणालो. ती घाबरली.

"मर्ल, हा पोरगा चेंडू आला की खाली बसतो," बाकावरून उठून येऊन आमचा कोच डनलॅप माझ्या कानात म्हणाला. "याला मी खेळवणार नाही."

"नको खेळवूस," मी पडेल आवाजात म्हणालो.

पण तेवढ्यात आमचं दोघांचं लक्ष समोर गेलं. मार्लोची पोरं सराव सोडून हेंड्रिककडे बघत उभी होती. त्यांचा कोच बोट दाखवून सांगत होता, "तोच तो! त्याला श्वास घेऊ देऊ नका!"

डनलॅपने डोळे बारीक केले. मग हेंड्रिकला जवळ बोलावलं. "बाळा, त्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहा. तुझ्याकडे चेंडू येणार नाही, हा माझा शब्द."

"नक्की ना, कोच?"

"आईची शपथ!"

शिट्टी वाजली. हेंड्रिक कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि त्याच्याभोवती मार्लोचे तीन हातोडे! आणि इकडे आमचा मिलो बॅगली, जो माझ्या खांद्यालाही लागत नाही, तो चेंडू घेऊन मोकळ्या रानात निघाल्यासारखा गेला आणि जाळीत टाकून आला. परत गेला, परत टाकला! मार्लोचे उरलेले दोघं धावून धावून लाल झाले.

हेंड्रिक बुटाची नाडी बांधायला वाकला, तिघंही त्याच्यावर वाकले. हेंड्रिक खाजवायला हात वर करतो, तिघंही उड्या मारतात!

"काहीच करत नाहीये तो!" मार्लोच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"तीच तर चाल आहे!" वेंडेल वरच्या रांगेतून किंचाळला. "शेवटासाठी राखून ठेवलंय त्याला! अजून एक माणूस लावा!"

आणि शेवटी शेवटी त्यांनी खरंच चौथा लावला. पण मार्लो ते मार्लोच, उरलेल्या दोघांच्या जोरावरही त्यांनी गाठलं होतं आम्हाला. एका गुणाने पुढे होते! घड्याळात श्वास घेण्यापुरता वेळ उरलेला, चेंडू आमच्या मिलोकडे. मी खुर्चीवर उभा राहिलो. तिला मनातल्या मनात निरोपही देऊन टाकला.

तेवढ्यात हेंड्रिक त्या चौघांना अतिशय नम्रपणे म्हणाला, "जरा जाऊ देता का? मला तहान लागलीय." आणि चालू मॅचमध्ये तो सरळ पाण्याच्या बाटलीकडे चालत निघाला. चौघं हातोडे हात पसरून त्याच्याबरोबर! पाचवा होता, तोही 'आता काहीतरी होणार' म्हणून घाबरून तिकडेच पळाला. जाळीखाली मिलो एकटा. त्याने इकडेतिकडे बघितलं, पाय नीट रोवले आणि चेंडू अलगद आत सोडला.

काय सांगू तुम्हाला! छप्पर उडालं! पाद्रीबुवा बेटीला खांद्यावर घेऊन नाचले! कारखान्याचा भोंगा वाजला! हेंड्रिक बाटली तोंडाला लावून विचारत होता, "संपली का?" आणि गावाने त्याला उचललं. उचलायला बरीच माणसं लागली.

मी वेंडेलसमोर तो हिरवा पोशाख धरला. "चढव, जावईबापू!"

तो मोसम म्हणजे मोसम झाला महाराजा! हेंड्रिकची कीर्ती एवढी पसरली, की प्रत्येक संघ त्याला घेरून उभा राहायचा आणि आमची बुटकी पोरं गुण लुटायची. जिल्ह्याचा चषक आमच्याकडे आला. त्या पोराने मोसमभर एकदाही चेंडूला हात लावला नाही.

आता तुम्ही म्हणाल, खुर्ची वाचली, मर्लची चंगळ झाली. सांगतो. त्या पहिल्या विजयानंतर मला एवढं भरून आलं, की मी हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "मंडळी, या हिऱ्याच्या आईबापांनी मागे कुठेतरी बसायचं? शोभतं का आपल्याला? त्यांना पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळेने लगेच जागा दिली, कायमची.

पोराला उंची कुठून आली असेल, याचा विचार मी तेव्हा करायला हवा होता. गेरिट माझ्या समोर बसतो, बेथ डोरीनच्या समोर. दोघंही जरा काही झालं की उभे राहतात. जिल्ह्याचा चषक जिंकला तेव्हा मी गेरिटचा स्वेटर बघत होतो. विणकाम चांगलं आहे. मॅच मला वेंडेल सांगतो, कारण काकडीला कोर्टाच्या अगदी कडेला नाचायची मुभा असते आणि तिथून सगळं स्वच्छ दिसतं. सांगतानाही मेला फोड हलवत हसतो.

परवा मी आडून आडून गेरिटला विचारलं, "हेंड्रिक या वर्षी शाळा संपवतोय. मग तुम्ही पहिल्या रांगेत कशाला याल, नाही का?"

"येणार तर! धाकटे तिघं आहेत ना," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "हेंड्रिक आमच्यात जरा बुटकाच!"