शिंदे सरांची सुतळी

शिंदे सरांच्या खिशात पेन सापडणार नाही, सुतळी सापडेल. दोन पदरी पिळलेली, आणि पिळाच्या खाचांत बायकांच्या बारीक टिकल्या चिकटवलेल्या. विंझरच्या एसटी थांब्यावर कुणी जरा रिकामा दिसला, की सर ती त्याच्या हातात देतात.

"डोळं मिटा. बोट फिरवा. घावली टिकली? आता धरून बसा. सोडायचं न्हाई."

मीही बसलोय. एसटी निघून गेली, तरी बसलोय.

सर आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात आणि राहतात माझ्या शेजारी, त्यामुळे माझी सुटका नाही. सुतळी म्हणजे डीएनए, टिकली म्हणजे त्याच्यावरची मिथाइल नावाच्या रसायनाची खूण. एक प्रथिन खाचेतून चाचपत येतं, खूण ओळखतं, तिथंच धरून बसतं आणि आसपासच्या जनुकांना आवाज खाली ठेवायला लावतं.

"सगळी एकदम बोलाय लागली तर काय व्हईल? आपली ग्रामसभा!" असं सर म्हणतात. स्वतः मात्र दुसऱ्याला बोलू देत नाहीत.

यंदा त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या मुलीचं लग्न निघालं. सर सुतळी घेऊन भावकीत घरोघर फिरू लागले. सुमनताई वैतागल्या.

"दादा, ती सुतळी आवर. आन् मुक्ताला घरीच ठेव. तिला कुठं काय कळतंय?"

मुक्ता ही सरांची एकुलती एक मुलगी. ती बोलत नाही, दिवसभर हातावर हात चोळत राहते. तिच्या शरीरात तेच प्रथिन चुकीचं घडलंय, त्याला खूण नीट धरता येत नाही. यात आईबापाचा काही दोष नसतो, पण बोल लागतो तो आईलाच. हेच लोकांना समजवायला ती सुतळी होती.

सरांनी एवढंच सांगितलं, "मुक्ता मांडवात नसंल, तर नवरीमागं मामाबी उभा ऱ्हाणार न्हाई."

मुक्ता आली. पुढच्या रांगेत आईशेजारी बसली. तिच्या पलीकडची खुर्ची कुणी घेतली नाही. मामा म्हणून नवरीमागे उभे असलेले सर अंतरपाटाकडे बघतच नव्हते. इतके एकटे ते मला कधी दिसले नव्हते.

अक्षता पडल्या. मुंडावळ्यांतल्या आपल्या ताईला बघून मुक्ता खुदकन हसली.

"बघ सुमे, वळखती ती," सर तिथूनच म्हणाले. "धरता येत न्हाई, येवढंच."

सुमनताई त्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि मुक्ताचे हात त्यांनी आपल्या ओंजळीत घेतले. सरांनी सवयीने खिशातली सुतळी काढली आणि तशीच परत ठेवली.

तिकडून विहीणबाई हाका मारत होत्या. सुमनताई उठल्या नाहीत.