बाबाचे दोन झेंडे

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. बाबाला तसा शब्दच दिला होता, आणि मी मुळात फारशी बोलत नाही, त्यामुळे शब्द पाळणं मला सोपं जातं. पण लिहू नकोस असं काही त्याने म्हटलं नव्हतं. शिवाय गुरुवारच्या जेवणानंतर अर्ध्या गावाला सगळं कळलेलंच आहे. उरलेल्या अर्ध्याला कळू नये, एवढीच बाबाची इच्छा आहे. (उरलेलं अर्धं गाव वाचत नाही, त्यामुळे तो सुरक्षित आहे.)

मी आत्ता कुरावांगच्या मैदानावर, गुणफलकाच्या पेटीत बसले आहे. पेटी म्हणजे गोलच्या खांबांमागे उभी केलेली पत्र्याची खोली. आत आकड्यांच्या पाट्या, बाहेर खिळे. गोल झाला की पाटी बदलायची. माझ्यासारख्या मुलीला याहून चांगलं काम नाही. सगळं गाव तुमच्याकडे बघत असतं आणि तुम्ही कुणाला दिसत नाही. आजचा सामना सुरू व्हायला वेळ आहे, तोवर मागच्या शनिवारचं सांगून टाकते.

माझा बाबा वॉरेन. त्याला सगळे वॉझा म्हणतात. तो टायरच्या दुकानात काम करतो, पण तो त्याचा जोडधंदा. खरा धंदा म्हणजे त्याच्या तीन टीम. या टीम खऱ्या नाहीत. आमच्या फुटबॉलच्या मोठ्या लीगमधले खरे खेळाडू निवडून फोनवर आपली टीम मांडायची, ते खेळाडू शनिवारी खरोखर जसे खेळतील तसे आपल्याला गुण, आणि ज्याला कप्तान केलं त्याचे दुप्पट. एक टीम टायरच्या दुकानातल्या लोकांबरोबर, एक शाळेतल्या जुन्या मित्रांबरोबर आणि एक कीथमामाच्या लीगमध्ये. कीथमामा आईचा धाकटा भाऊ. त्याच्या लीगमध्ये जो शेवटचा येतो, त्याला पुढचा अख्खा हंगाम गळ्यात लाकडी पळी अडकवून क्लबात सॉसेज भाजावे लागतात.

घरात या तीन टीमांमुळे कुणाशी सरळ बोलायची सोय उरलेली नाही.

"वॉरेन, रविवारी कोण कोण आहे?" आईने एकदा विचारलं. तिला जेवायला पानं किती घ्यायची ते हवं होतं.

"हॅनिगन बाहेर. मांडीचा स्नायू," बाबा फोनवरून मान वर न करता म्हणाला. "मॅकॉलेचं शंभर टक्के नाही. पण तो येईल."

आईने मॅकॉलेसाठी एक बटाटा जास्त सोलला.

त्यात बाबाची स्वतःची लाडकी टीम आहे ती वेगळीच. तिचं नाव लिहीत नाही, हरणाऱ्यांची आणखी बदनामी नको. तिचा मफलर गळ्यात गुंडाळून बाबा टीव्हीसमोर बसतो, आणि समोरच्या टीमच्या रिओर्डनने गोल मारला की मफलरासकट उडी मारतो, कारण रिओर्डन त्याचा. मग आपण कुणाविरुद्ध उडी मारली हे त्याच्या लक्षात येतं आणि तो पाणी प्यायला जातो. आमची टीम जिंकावी पण रिओर्डनने पाच गोल मारावेत, अशी त्याची दर आठवड्याची प्रार्थना असते. देवाला हा हिशेब जमत नाही.

बाबाला तीस खेळाडूंचे गुडघे पाठ आहेत. माझी बहीण टेस कुरावांगच्या सोळा वर्षांखालच्या मुलींमध्ये कुठल्या जागेवर खेळते, हे त्याला परवापर्यंत माहीत नव्हतं. "मधे कुठेतरी," असं तो सांगायचा. टेस गोलसमोर शेवटची उभी राहते. मधे ती कधीच नसते.

मागच्या शनिवारी टेसचा बेरिगाल गावाच्या मुलींशी सामना होता. जिंकलो की थेट अंतिम फेरी. नेहमीच्या गोलपंचाची कंबर धरली म्हणून आमच्या क्लबाकडून बाबाचं नाव लागलं. सकाळी नाश्त्याला टेस म्हणाली, "बाबा, एक सामना. फक्त माझा. पूर्ण."

"अगं, मी तर तिथेच उभा असणार," बाबा म्हणाला.

"उभा असशील ते माहीत आहे. बघशील का ते विचारतेय."

आईने हात पुढे केला. बाबाने निमूट फोन तिच्या हातावर ठेवला. हे इतकं सहज झालं की मला तेव्हाच संशय आला. मग बाबा गराजमध्ये गेला, आणि आजोबांचा जुना खिशातला रेडिओ घेऊन आला. लोकरी टोपीखालून एक वायर कानात जात होती. माझ्याकडे बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. एवढीच त्याची छोटी युक्ती, आणि पुढचं सगळं तिनेच केलं.

गोलपंचाचं काम अवघड नाही. आमच्या फुटबॉलमध्ये गोलला ओळीने चार खांब असतात; पांढरा कोट घालून त्यांच्यामध्ये उभं राहायचं. चेंडू मधल्या दोन खांबांमधून स्वच्छ गेला की गोल, सहा गुण, दोन्ही झेंडे हलवायचे. खांबाला लागला किंवा बाजूने गेला की एकच गुण, एकच झेंडा. माणसाला दोनपर्यंत मोजता आलं की पुरतं.

सामन्याच्या चार पावांपैकी शेवटच्या पावात आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. बेरिगालच्या एका उंच मुलीने गोलपासून दहा पावलांवर चेंडू हातांनी झेलला, आमच्या खेळात हे चालतं. मैदानपंच होत्या प्रुइटबाई, आमच्या शाळेच्या व्यायामाच्या शिक्षिका. त्या नेमक्या मुलींच्या घोळक्यामागे अडकल्या होत्या. टेस खांबाला चिकटून उभी. मुलीने उजव्या पायाने मारला. मी पेटीतून, पाच हातांवरून, स्वच्छ ऐकलं. टण्ण.

आता एक झेंडा. आम्ही चार गुणांनी पुढे. भोंगा वाजायला काही क्षण होते.

बाबाने दोन्ही झेंडे उचलले. नुसते उचलले नाहीत, आगगाडी थांबवतात तसे हलवले. चेहऱ्यावर असा आनंद, जसा मी माझ्या जन्माच्या फोटोतही पाहिलेला नाही. बेरिगालच्या लोकांनी मैदानाच्या कडेने लावलेल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजवले. गोल झाला की आमच्याकडे असंच करतात. त्या आवाजात टण्ण बुडून गेलं.

प्रुइटबाई धावत आल्या. "वॉझा, पक्कं?"

"पक्कं म्हणजे काय," बाबा म्हणाला. "मधोमध."

"खांबाला लागल्यासारखं वाटलं."

"कसला खांब? डाव्या पायाने, वाऱ्याविरुद्ध. असा गोल वर्षात एकदा होतो."

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पण स्वतःच्या मुलीच्या विरुद्ध खोटं कोण सांगेल? त्यांनी मान हलवली. मी पाटी हातात धरून बसले होते. गुणफलकवाल्याने झेंडे बघायचे, कानाचं ऐकायचं नाही, असा नियम आहे. मी पाटी लावली. एका गुणाने आम्ही मागे, आणि भोंगा.

"खांबाला लागला होता," टेस सगळ्यांना सांगत होती. "मी खांबाला टेकून उभी होते. माझ्या पाठीत लागला तो आवाज."

"टेस," तिचे प्रशिक्षक म्हणाले, "हरायला शिकावं. तुझ्या बाबाकडे बघ. आपल्याच मुलीच्या विरुद्ध निर्णय द्यायला छाती लागते."

टेसने बाबाकडे पाहिलं. बाबाने बुटांकडे पाहिलं.

पेटीमागे त्याने मला गाठलं. "ब्रायोनी, तू काही ऐकलंस?"

"टण्ण," मी म्हणाले.

"हं. मी रिओर्डनचा गोल ऐकला." त्याने टोपीखालची वायर ओढून खिशात कोंबली. "मी सांगतो सगळ्यांना. फक्त आज नको. आणि रेडिओचं आईला नको. शब्द?"

मी शब्द दिला.

रविवारी तो सांगणार होता, पण बेरिगालच्या अध्यक्षांचा फोन आला. असा प्रामाणिक पंच त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. सोमवारी सांगणार होता, पण टायरच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ हात मिळवायला आले आणि चार टायर घेऊन गेले. बुधवारी कळलं की गावागावांच्या लीगने बाबाला खिलाडूवृत्तीचा करंडक द्यायचं ठरवलंय, गुरुवारी सरावानंतरच्या जेवणात. "आता कसं सांगू," बाबा म्हणाला, "त्यांनी नावही कोरलंय." (बाबाच्या मते पितळेवर कोरलेलं खोटं खोडणं हे खर्चिक असतं.) टेस आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हती, आणि सरावात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. रडूबाई म्हणत होते तिला. गेली तीन वर्षं त्याच मुलींचा गोल ती राखते.

गुरुवारी क्लबाचा हॉल भरला होता. कीथमामा आमच्याच टेबलावर. बाबाला करंडक मिळाला, टाळ्या झाल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "वॉझा, दोन शब्द."

दोन शब्दांवर थांबला असता तर आजही तो थोर असता.

"मी काही विशेष केलं नाही," बाबा म्हणाला. "जे पाहिलं ते सांगितलं. आणि काय गोल होता तो. सीमारेषेला खेटून, डाव्या पायाने, वाऱ्याविरुद्ध. चेंडू आधी बाहेर गेला आणि मग आत वळला."

शेजारच्या टेबलावर बेरिगालची उंच मुलगी तिच्या आईबरोबर पाहुणी म्हणून आली होती. ती आईला हळूच म्हणाली, "मी उजव्या पायाने मारते."

"दहा पावलांवरून," टेस मोठ्याने म्हणाली. आठवड्यातलं तिचं बाबासाठीचं ते पहिलं वाक्य. "सीमारेषा कुठून आली?"

कीथमामाने काटा खाली ठेवला. "सीमेवरून, डाव्या पायाने, बाहेर जाऊन आत वळला," तो पुटपुटला. "शनिवारी, चौथ्या पावात. वॉझा, हा तर माझ्या रिओर्डनचा गोल."

"तुझ्या?" बाबा म्हणाला.

त्या एका शब्दात सगळं होतं. प्रुइटबाईंनी डोळे मिटले. आईने बाबाच्या टोपीकडे पाहिलं.

"माझ्या," मामा म्हणाला. "तूच सोडलास ना त्याला, म्हातारा झाला म्हणून? मी उचलला. माझा कप्तान आहे तो. दुप्पट गुण."

"पण तो माझा... टायरवाल्या टीममध्ये..."

"त्या टीममध्ये तो बाकावर होता. मीच बघून आलो," टायरच्या दुकानातला माणूस मागून म्हणाला. "बाकावरच्याचे गुण धरत नाहीत."

बाबा हळूहळू खाली बसला. पकडलो गेलो याचं दुःख नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर, मी नीट पाहिलं. तो मनात जुळवत होता. त्या एका गोलने रिओर्डनच्या टीमसमोर खेळणारी त्याची लाडकी टीम हरली, मामाच्या लीगमध्ये तो हरला, टायरवाल्यांत त्याला शून्य मिळालं, आणि त्याच गोलसाठी त्याने झेंडे हलवून स्वतःच्या मुलीला हरवलं. इतकं सगळं एकाच गोलने गमावलेला माणूस आमच्या जिल्ह्यात तरी दुसरा नसेल.

"पण खरंच लागला होता का खांबाला?" प्रशिक्षकांनी विचारलं. "की टेस उगाच..."

आईने माझ्याकडे पाहिलं. "ब्रायोनी, तू पेटीत होतीस."

सगळा हॉल वळला. मला पेटीची फार आठवण आली. कानापर्यंत तापले मी. बाबाला शब्द दिला होता. पण समोर टेस बसली होती, आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती, कारण मी बोलणार नाही हे तिला पंधरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"टण्ण," मी म्हणाले.

एवढंच. पण हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलं म्हणे. प्रशिक्षक उठून टेसपाशी गेले आणि त्यांनी तिची माफी मागितली. मग तिच्या टीमच्या मुली एकेक करून ताट घेऊन तिच्या टेबलाशी आल्या. टेसने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. आमच्या घरात याला मिठी म्हणतात.

निकाल बदलत नाही. भोंगा वाजला की वाजला. पण हरणाऱ्यांना आणखी एक संधी असते, आणि ती आज आहे. आज जिंकलो तर अंतिम फेरीत पुन्हा बेरिगाल.

करंडक आईने परत दिला. झेंडे प्रुइटबाईंनी काढून घेतले. बाबाला आज शिक्षा अशी आहे की त्याने आईशेजारी उघड्या डोक्याने, टोपी न घालता बसायचं, आणि संध्याकाळी टेस विचारेल त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तो भेदरलाय. सकाळी मला विचारत होता, "टेस गोलसमोरच ना? नक्की?" पळी बाबाच्याच गळ्यात पडणार हे तर ठरल्यातच जमा आहे. मामाने तिला दोरी बांधूनही ठेवली.

सामना मघाशीच सुरू झालाय. लिहिता लिहिता पाट्याही लावते आहे, दोन्ही जमतं मला. रेडिओ आईने माझ्याकडे ठेवायला दिला. "या घरात शहाणी तूच एक," असं म्हणाली ती. मी तो कानात लावलाय, पण तो केवळ चालतोय की बिघडलाय ते पाहायला. बाबाच्या टीमकडेही मी फक्त या शेवटच्या फेरीपुरतं लक्ष देतेय. मॅकॉलेला कप्तान केलंय, त्यामुळे पळी अजून टळू शकते, आणि तो आज मस्त खेळतोय, आत्ताच त्याच्या टीमने शंभरी ओलांडली. पण मला स्वतःला या प्रकारात काडीचाही रस नाही, कारण मैदानावर आपली माणसं खेळत असताना भलत्याच सामन्यात जीव अडकवणं म्हणजे

टेस गोलसमोरून हाका मारतेय. "ब्राय, आमचे तेवीस झालेत. फलकावर एकशे चार कुणाचे?"

थांबा, मी फक्त