नानांचा डिस्ट्रिब्यूटर

आमचे शेजारी नाना लग्नाला गेले तरी त्यांच्या पिशवीत मोटारीचा डिस्ट्रिब्यूटर असे. टॉवेलात गुंडाळलेला. पंगतीत कुणी नुसतं "काय चाललंय नाना?" म्हटलं की टॉवेल सुटे आणि वरण-बट्टीच्या शेजारी तो तेलकट जिन्नस येऊन बसे. मग पंगत उठेपर्यंत सुटका नाही. पिंप्राळ्यातल्या जाणत्या मंडळींनी त्यांच्या शेजारी बसणं केव्हाच सोडलं होतं, त्यामुळे ती जागा माझ्या वाट्याला येई.

"मास्तर, हा वाढपी समजा," नाना म्हणत. "चार प्लग जेवायला बसलेत. ज्याची पाळी त्यालाच ठिणगी वाढायची. आधी नाही, उशिरा नाही. बठ्ठं टायमिंगवर शे."

हे शेवटचं वाक्य त्यांना कुठेही चाले. कुकरची शिट्टी, माझी शाळेला निघायची वेळ, पुढाऱ्याचं भाषण, सगळं टायमिंगवर शे. माझ्या मेहुण्याचं लग्न मोडलं तेव्हा सांत्वनालाही ते हेच म्हणाले आणि वर चहा मागितला.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर नानांनी एक जुनी मोटार घेतली. घेतली ती अक्कांसाठी, म्हणजे बायकोसाठी. अक्कांची थोरली बहीण सावद्याला अंथरुणाला खिळलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ एकच निरोप धाडायची, "सुमीला एकदा पाठवा." पण अक्का एसटीत बसल्या की त्यांना उलट्या होत. मोटारीतही गल्लीचं तोंड येईपर्यंत त्या खिडकीबाहेर वाकत. "पेट्रोलचा वास," नानांनी निदान केलं. "कार्बोरेटर गळतो. तोच काढून टाकू."

इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर काढून नाना त्या जागी फ्युएल इंजेक्शन बसवणार होते. नवीन परदेशी गाड्यांत असतं तसं, पेट्रोल बंद नळीतून जाणार, वास नाही. मुंबईच्या भंगार बाजारातून त्यांनी एक सेट आणला, त्याच्या कॉम्प्युटरच्या डबीसकट. पण इंजिन फिरताना नेमकं कुठवर आलंय हे त्या डबीला कुणीतरी सांगायला हवं. जुन्या डिस्ट्रिब्यूटरला ते जमेना, म्हणून दुसऱ्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक आणला. त्याचा दांडा लांब निघाला. तो लेथवर कापून आणला. आत वेगाप्रमाणे ठिणगी पुढेमागे करणारी दोन वजनं होती, ती वेल्डिंग करून जाम केली.

"ते काम आता डबी करणार," नाना म्हणाले. "एका घरात दोन कारभारी कशाला?" आणि स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली घेतला.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्यांची म्हैस दावं तोडून पळाली. डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसला होता. मेकॅनिक शकीलभाई म्हणाले, "नाना, ये डिस्ट्रिब्यूटर ही खराब है." नाना आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. स्वतःला गाढव म्हटलेलं त्यांना चाले, पण त्या वस्तूबद्दल वावगा शब्द खपत नसे.

अखेर गाडी सुरू झाली. हुंगून बघायला त्यांनी मला तीनदा मागच्या सीटवर झोपवलं. वास खरोखर नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही सावद्याला निघालो. नाना पुढे, मी आणि अक्का मागे.

नशिराबाद येईतो अक्कांचा चेहरा उतरला. पदरातलं लिंबू नाकाशी धरून त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मास्तर, वास नाई येत. गाडी हालते ना, त्यानंच होते मले. बैलगाडीतबी व्हायचं. त्यायले सांगू नका, लई खपले ते."

एवढ्यात गाडी थांबली. "डिस्ट्रिब्यूटर तापला," नाना म्हणाले. "जरा थांबू." त्यांनी बॉनेट उघडलं. अक्का उतरून कडुलिंबाखाली जाऊन बसल्या, थोडी हुशारी आली.

भुसावळच्या अलीकडे तो पुन्हा तापला. तापी ओलांडल्यावर पुन्हा. आता टिंगल करायची संधी माझी होती. मी बॉनेटपाशी गेलो तर नाना इंजिनाकडे बघतच नव्हते. बॉनेटच्या आडून ते सावलीत बसलेल्या अक्कांकडे बघत होते.

"झालंय काय त्याला?" मी विचारलं.

"त्याला काय धाड भरली? मस्त चालतोय. मागचा आरसा मी तिच्यावरच लावलाय. कशी आहेस विचारलं तर म्हणेल, मी बरी हाये. गाडी बिघडली म्हटलं की मुकाट्याने उतरते."

काही बोलायला गेलो असतो तर अक्कांचंही गुपित फुटलं असतं, म्हणून नुसतं बॉनेट धरून उभा राहिलो.

दुपार टळल्यावर सावदा आलं. बहिणीने अक्कांचा हात धरला तो सोडेचना. बऱ्याच वेळाने रडू आवरून तिने विचारलं, "इतका उशीर का गं झाला?"

"गाडी चांगली हाये," अक्का म्हणाल्या. "फक्त त्यायचा तो डिस्ट्रिब्यूटर खराब हाये. घडीघडी तापते."

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी बशीतला चहा फुंकला.

"हो," नाना म्हणाले. "खराबच निघाला तो."