आवडाबाई कासारणीचे पत्र टपालाच्या कज्ज्यात अडकले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. ज्यांची पत्रे पोहोचली त्यांस सुखी ठेवो आणि ज्यांची वाटेत राहिली त्यांस धीर देवो. शके अठराशे दोन, विक्रमनाम संवत्सर, तेथून पुढे चार वर्षांचे अवकाशात कोण्या एका राज्यात टपालाचा मोठा कज्जा जाहला, त्यापायी जुना कायदा गेला, नवा आला, आणि मध्ये एका कासारणीचा जीव टांगणीस लागला, ती हकीकत जैसी ऐकली तैसी लिहितो.

खाडीकाठी मौजे वेळणे म्हणोन गाव, तेथे आवडाबाई कासारीण बांगड्यांचा धंदा करून राहत असे. नवरा मागेच वारला, पदरी दोन लेकी, आणि माहेरचे म्हणावे तर एक थोरली बहीण ठकूबाई, तीस ही आक्का म्हणे. दोघी एकाच पाटीवर अक्षरे शिकल्या आणि एकाच वाकळेत निजल्या ऐशा. विक्रम संवत्सरी आवडाबाईचे थोरल्या लेकीचे लग्न निघाले. कासारांत चाल ऐसी जे, नवरीचा हिरवा चुडा थोरल्या मावशीने भरावा, ती असता दुसऱ्या कोणी हात लावू नये. परंतु आक्काची होडी ओहोटीमुळे खाडीत रुतली, आणि इकडे जोशीबुवा ओरडो लागले, आणि व्याही मिशा चावो लागले, आणि आवडाबाईचा धीर सुटला, मग तिने आपल्याच हाते चुडा भरला. शेवटची बांगडी मनगटात जाते न जाते तो आक्का चिखलाच्या पायांनी दारात उभी. भाचीच्या हाताकडे पाहिले आणि बोलली, "भरलास? बरे केलेस." आवडाबाईने ओहोटी सांगितली, मुहूर्त सांगितला, गयावया केली. आक्का म्हणाली, "तुझी कारणे लहानपणापासून तोंडात तयार असतात, आवडे." आणि घोटभर पाणीदेखील न पिता उलट पावली गेली, आणि पुढे लेकासंगे दूर मुलखी राहावयास गेली, कोठे गेली ते कोणास सांगितले नाही. आवडाबाई त्या दिवसापासून अर्धी जाहली. धाकटी मैना वयात येत होती, तिजकडे पाहून म्हणे, "हिचा चुडा आक्काच भरील, नाही तर लग्न राहिले." लोक म्हणाले, बाई खुळी आहे. म्हणेनात का!

आता राज्यातील टपालाचे ऐकावे. पत्र वाहण्याचा हक्क एकट्या राजटपालाचा, दुसऱ्याने चिठ्ठी नेली तर दंड, ऐसा थोरल्या महाराजांचा कायदा होता. परंतु राजटपालाची चाल अशी जे, पाडव्याचे पत्र दसऱ्यास पोहोचे, आणि चौकशीस जावे तो कारकून विडा लावीत बसलेले. मग काही शेटजी एकत्र जाहले आणि त्यांनी पत्रे नेणारे आपले जासूद ठेविले. माल नेण्यास कायद्यात मनाई नव्हती, सबब शेटजी हरएक पत्रास गुळाचा खडा बांधो लागले, आणि पुसले असता म्हणत, "आम्ही गूळ नेतो, चिठ्ठी त्यासंगे आपसूक जाते." प्रजा पोट धरून हसली आणि पत्रे शेटजींकडे देऊ लागली. राजटपालाचे अधिकारी यांचा तिळपापड जाहला. शके अठराशे चार, चित्रभानुनाम संवत्सरी त्यांनी शिपाई घालून शेटजींची एक थैली वाटेत धरली, पत्रांवर लाखेचे शिक्के मारिले, न्यायसभेत फिर्याद गुदरली, आणि ज्यांची पत्रे होती त्यांस साक्षीस बोलाविले. तैसा हुकूम आवडाबाईसही आला. बाई घाबरत घाबरत कसब्यास गेली, तो मेजावर गूळ बांधलेली एक चिठ्ठी, आणि वर लिहिलेले, "चिरंजीव आवडीस". काना लांब ओढण्याची खोड आक्काचीच. आवडाबाईस रडूच कोसळले. आक्काने आपण होऊन लिहिले होते, आणि लवकर पोहोचावे म्हणोन शेटजींकडे दिले होते!

शिरस्तेदार व्यंकप्पा यांस बाई म्हणाली, "अहो, माझ्या बहिणीचे आहे. द्या की." व्यंकप्पा बोलले, "बाई, पत्र नव्हे ते, मुद्देमाल आहे. निकाल लागेतो हात लावू नये." "मग पाठीमागे तिचा पत्ता असेल तो तरी वाचून दाखवा." व्यंकप्पांनी पत्र उलटे केले, तो सरकारी लाखेचा शिक्का नेमका पत्त्यावर बसलेला. शिक्का काढावा तर पुरावा बिघडतो. आता यावर हसावे की कपाळास हात लावावा हे वाचणाराने ठरवावे.

मग कज्जा चालला. राजटपालाचे वकील म्हणत, गूळ हे ढोंग आहे. शेटजींचे वकील म्हणत, गूळ हाच माल आहे. ऐसे भिजत घोंगडे पडले असता मुद्देमालाच्या कोठीत मुंग्या शिरल्या आणि सगळा गूळ खाऊन गेल्या. मग राजटपालाचे वकील उसळोन बोलले, "पाहा, आता नुसते पत्रच उरले, गुन्हा शाबीत!" शेटजींचे वकील बोलले, "मुंग्यांस आरोपी करा." तारखेमागून तारखा पडल्या. थैलीतील बाकी पत्रांचे धनी एकेक करून यावयाचे थांबले, कोणाचे लग्न होऊन गेले, कोणाचा आजारी बरा जाहला, कोणाचा मेला. एकटी आवडाबाई येत राहिली. तिला पुकारा नसे, साक्ष नसे, ती नुसती मेजाजवळ उभी राहून अक्षर पाही आणि परत जाई. वाटेत मनाशी म्हणे, आक्का वाट पाहत असेल, म्हणत असेल, मी नमते घेतले तरी आवडी उत्तर देत नाही. एकदा व्यंकप्पांस दया येऊन बोलले, "बसा, पाणी घ्या." बाई म्हणाली, "नको. तेवढे पत्र इकडे वळवून ठेवा, दारातून दिसेल असे."

पुढे प्रजेची ओरड महाराजांचे कानी गेली आणि राजसभेत नवा कायदा आला. सभासदांनी घसे कोरडे केले, एकाने राजटपालाची कीर्ती गाइली, दुसऱ्याने शेटजींची, आणि भोजनाची वेळ जाहली तेव्हा ठरले जे, परवाना घेऊन कोणीही पत्र न्यावे, गूळ बांधण्याचे कारण नाही, आणि जप्त पत्रे हक्कदारास द्यावीत. हक्कदार कोण, हे लिहावयाचे राहून गेले. झाले! पुन्हा दोन्ही वकील उभे. एक म्हणे, पोहोचेतो पत्र लिहिणाराचे. दुसरा म्हणे, ज्याचे नाव वर, त्याचे. शके अठराशे सहा, तारणनाम संवत्सर, आश्विन मासी निकालाचा दिवस आला. इकडे मैनेचे लग्न ठरले होते, आणि व्याह्यांनी बजावले होते जे, मार्गशीर्ष चुकला तर सोयरीक मोडली.

न्यायाधीश वृद्ध होते आणि वकिलांस विटले होते. त्यांनी पाहिले तो सभेत ऐकणारी एकटी आवडाबाई. पत्र आपल्या हाते उचलिले आणि बोलले, "बाई, तुमचे नाव आहे, तुम्ही घ्या. हात पुढे करा." आवडाबाईने हात पुढे केला आणि मागे घेतला. सभा चकित जाहली. बाई बोलली, "महाराज, दोन वर्षे यासाठी उंबरा झिजवला. घ्यावेसे वाटते हो, फार वाटते. पण मी फोडले आणि उत्तर लिहिले की आक्का, तुझे पत्र मला आज मिळाले, तर ती म्हणेल, आवडीने आणखी एक कारण काढले. माझ्यावर नाही तिचा विश्वास. तुमच्या लाखेवर बसेल. हे असेच, न फोडता, तिच्याकडे परत पाठवा. म्हणजे तिला कळेल, मी गप्प बसले नव्हते, मला मिळालेच नव्हते." न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला.

मग पत्त्यावरची लाख तेवढी खरवडली, बाकी शिक्के शाबूत ठेविले, आणि परत कोणी न्यावे यावरून दोन्ही वकील पुन्हा हातघाईवर आले. न्यायाधीश कडाडले, "राजटपालाने पत्र न्यावे, शेटजींच्या जासुदाने निरोप न्यावा, आणि तुम्ही दोघे घरी जावे." निरोप आवडाबाईने एवढाच दिला जे, मार्गशीर्षात मैनेचे लग्न आहे.

कार्तिक सरता सरता शेटजींचा जासूद वेळण्यास आला. हाती एक गाठोडे, त्यात भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या, एकही फुटली नव्हती. चिठ्ठी नाही. आवडाबाई म्हणाली, "काही बोलली?" जासूद म्हणाला, "बोलल्या ना. भरू नकोस म्हणाल्या."

लग्नाचा दिवस आला. मांडवात व्याही, दारात जोशीबुवा, आणि खाडीत पुन्हा तीच ओहोटी. मैनेचा रिकामा हात मांडीवर घेऊन आवडाबाई उंबऱ्याशी बसली. जोशीबुवा ओरडले, "चुड्याची वेळ चालली!" मैना हळूच म्हणाली, "आई, भर ना. मावशी समजून घेईल." आवडाबाई बोलली, "जाऊ दे वेळ." आणि वेळ गेली. व्याही उठले, बसले, पुन्हा उठले. बाईचे डोळे पाण्यावरून हटले नाहीत. मग उशिराने भरती लागली, एक होडी धक्क्याशी आली, आणि एक म्हातारी लुगडे खोचून, कमरेस न फोडलेले पत्र लावून, चिखल तुडवीत दारात येऊन उभी राहिली. धाप लागली होती, तरी आधी भाचीच्या हाताकडे पाहिले.

"भरलास?"

"नाही गो आक्का."

"बरे केलेस," आक्का म्हणाली, आणि खाली बसून तिने मैनेचा हात आपल्या हाती घेतला.

येणेप्रमाणे टपालाचा कज्जा समाप्त जाहला. राजटपाल चालते आहे, शेटजीही चालते आहेत, मुंग्यांवर फिर्याद जाहली नाही. पत्रात काय होते ते दोघी बहिणींनी कोणास सांगितले नाही, सबब येथे लिहिले नाही. वाचणाराचे कोणी रुसले असेल तर त्याने ओहोटीची वाट न पाहता निघावे. लेखनसीमा.